ड्यूकच्या वारसाची नोंद

ड्यूक वारला. मागे पहिली बायको, जिला त्याने मठात धाडलं होतं; दुसरी बायको, जिला अजून धाडलं नव्हतं; तीन मुलगे; शत्रूच्या घरात दिलेली एक मुलगी; आणि एक धाकटा भाऊ, जो ड्यूक शेवटचा घास घेत असताना मुदपाकखान्याच्या आसपास घुटमळताना दिसला होता. तर आता डची कुणाच्या नावावर चढवायची?

हे प्रकरण माझ्यापुढे मांडलं माझ्या भाच्याने. मी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस. तलाठ्याने धरलेले वारसाचे फेरफार मंजूर किंवा नामंजूर करणं हा माझा उभ्या जन्माचा धंदा. त्यामुळे पहिला प्रश्न सवयीने तोंडातून गेला, "मृत्यूचा दाखला जोडलाय का?"

"मामा, ड्यूक गेममधला आहे."

"असेना का. दाखल्याशिवाय नोंद धरता येत नाही."

भाचा आणि त्याचे तीन सोबती मिळून कोथरूडच्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये गेम बनवतात. तिघे मुलगे पांढऱ्या फळ्यावर बाण काढतात आणि चौथी जी मुलगी आहे ती कोड लिहिते. गेमची कल्पना अशी, की युरोपातल्यासारखं एक काल्पनिक राज्य, त्यात ड्यूक, काउंट, बॅरन अशा पदव्या, आणि या पदव्यांसाठी एकाच सर्व्हरवर तीस-चाळीस जण एकमेकांच्या उरावर बसलेले. लढाया, तह, लग्नं, विषप्रयोग हे सगळं त्यांचं तयार होतं. अडलं होतं ते एवढ्यावरच, की पदवीधारक मेला की पदवी जाते कुठे.

आता या जातीच्या खेळांत स्वीडनच्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा 'क्रुसेडर किंग्ज' हा थोरला. पहिला २००४ साली आला, दुसरा २०१२ साली, तिसरा २०२०मध्ये. त्यात तुम्ही एक माणूस म्हणून खेळत नाही, एक घराणं म्हणून खेळता. राजा मेला की तुम्ही त्याच्या वारसाच्या अंगात शिरता आणि खेळ पुढे चालू. तुमच्या घराण्यातला वारसच उरला नाही तर खेळ खलास. भाच्याने मला तो काही दिवस खेळायला दिला होता. माझी बायको म्हणाली, ऑफिसात पगार घेऊन करत होतात तेच आता वीज जाळून करताय.

पण तिथे एक सोय आहे. बहुतेक लोक तो खेळ एकट्याने खेळतात. थोरल्याला सगळं दिलं तर धाकटे रुसतात, कट करतात, पण ते रुसणं कंप्यूटरचं रुसणं. भाच्याच्या गेममध्ये धाकटा भाऊ म्हणजे पिंपरीत राहणारा, आपल्यासारखाच जिताजागता, आणि थोरल्याइतकेच पैसे भरून आलेला गृहस्थ. त्याला "वडिलांची इच्छा" वगैरे सांगून भागत नाही.

त्यांनी पहिला नियम केला तो जगात सगळ्यांना सुचतो तोच. सगळं थोरल्या मुलाला. कोडच्या चार ओळी, दिसायला सुबक. आमच्याकडेही हा नियम कायद्यात नव्हता, पण सातबाऱ्यावर होता. बाप गेला की थोरल्याचं नाव लावायचं, पुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर अशी तीन अक्षरं टाकायची आणि बाकीच्या भावांनी ती अक्षरं बघून समाधान मानायचं. पुढे कधीतरी सातबारा नव्याने उतरवताना ती तीन अक्षरं गळायची आणि थोरला आपोआप एकटा मालक व्हायचा. इंग्लंडच्या सरदारांनी ज्येष्ठपुत्राचा हक्क रुजवायला शतकं घालवली. आमच्याकडे तो एका दुपारी, शाई कमी पडली म्हणून प्रस्थापित झालेला आहे.

चाचणीत झालं असं, की धाकट्या भावाने पहिल्या संध्याकाळी खेळून पाहिलं. नांगरायला जमीन नाही, न्यायला सैन्य नाही, दरबारात बसायला खुर्ची आहे पण मागची. दुसऱ्या संध्याकाळी त्याने थोरल्याला विष घातलं. यात नवल नाही. नवल पुढे आहे. मेलेला थोरला प्लेयर जाणार कुठे? नियमाप्रमाणे त्याने वारसाच्या अंगात शिरायचं. पण त्याचा वारस हा धाकटा भाऊच आणि त्या अंगात आधीच एक जण बसलेला. एका देहात दोन आत्मे! असल्या केसची तरतूद गरुडपुराणातही नसावी.

मुलांनी तोडगा काढला, की मेलेल्याला घराण्यातलं सगळ्यांत लहान मूल द्यायचं. झालं, आता पाळण्यात सहा महिन्यांचं एक पोर, ज्याला आपल्याला विष कुणी घातलं, कुठल्या सुपात घातलं आणि त्यात स्वयंपाकी किती पैशांना फितूर झाला हे सगळं पक्कं ठाऊक आहे. ते पोर रांगायच्या आत सूड उगवायला निघालं. धाकटा तक्रार करू लागला, की माझ्यावर अन्याय होतोय, मेलेल्याला मागचं आठवता कामा नये. मुलगी म्हणाली, आठवण पुसायचा कोड मला येत नाही.

मग धाकट्यांनी फार गिल्ला केला म्हणून सगळ्यांना सारखी वाटणी हा दुसरा नियम आला. यात मी तज्ज्ञ. मी त्यांना आधीच सांगितलं होतं, की पोरांनो, या वाटेने जाऊ नका, मी त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला चाळीस गुंठ्यांवर बावीस नावं मंजूर केलेली आहेत. पण तरुण माणसाला इतिहासाचं वेड असतं. त्यांच्यातला एक म्हणाला, फ्रँक लोकांत अशीच पद्धत होती. होतीच. शार्लमेनने पश्चिम युरोप एका छत्राखाली आणला, ८१४ साली तो वारला, एकच औरस मुलगा जिवंत होता म्हणून एक पिढी निभावली. त्या मुलाला तीन मुलगे उरले. ते आधी आपसांत लढले आणि मग ८४३ साली व्हर्दनला बसून वाटणीपत्र केलं. एकाला पश्चिम, एकाला पूर्व आणि थोरल्या लोथारला मधला पट्टा, उत्तर समुद्रापासून थेट इटलीपर्यंत, दोन्ही बाजूंना एकेक भाऊ. ज्याने कधी दोन भावांच्या मधलं शेत कसलं असेल त्याला लोथारचं दुःख सांगायला नको. बारा वर्षांनी लोथार गेला आणि त्या पट्ट्याचेही तीन तुकडे झाले.

गेममध्ये हेच घडायला युरोपाइतका वेळ लागला नाही. आठवडाभरात एका मोठ्या डचीचे इतके हिस्से पडले, की एका बॅरनकडे एक किल्ला आणि त्या किल्ल्याच्या विहिरीचा तिसरा हिस्सा उरला. त्याने भाच्याकडे विचारणा केली, की पाण्याची पाळी कशी लावायची. त्यावर मी स्वतंत्र टिपण दिलं.

वाटणी टाळायचे प्लेयर लोकांचे उपाय मात्र पाहण्यासारखे असतात. 'क्रुसेडर किंग्ज'मध्येही सुरुवातीला बहुतेकांच्या माथी वाटणीचाच कायदा असतो, त्यामुळे तिथले मुरलेले खेळाडू चौथा मुलगा झाला की पेढे वाटत नाहीत, कपाळाला हात लावतात. मग जास्तीच्या मुलांना वैराग्याची गोडी लावायची, बेदखल करायचं किंवा ज्या लढाईतून कुणी परत येणार नाही तिथे सेनापती म्हणून पाठवायचं. एरवी मांजराच्या पिलाला दूध पाजणारी ही माणसं. वाटणीची वेळ आली की माणूस बदलतो हे मी सांगायला नको, पण वाटणी खोटी असली तरी बदलतो हे मला नवीन होतं.

इंग्लंडात केंट परगण्यात अशीच समान वाटणीची जुनी चाल होती, आणि काही गावांत तर सगळं शेंडेफळाला द्यायची. दोन्ही चाली १९२५च्या कायद्याने एकदमच बंद केल्या. शेंडेफळाचा नियम भाच्यालाही फार आवडला होता. तो घरात धाकटा आहे. मी तो नामंजूर केला.

मग कुणीतरी म्हणालं, रक्तबिक्त सोडा, निवडणूक घ्या. हे ऐकायला फार बरं वाटतं. पवित्र रोमन साम्राज्यात सम्राट निवडून यायचा आणि १३५६च्या फर्मानाने मतदार किती तेही ठरलं होतं. सात. तीन आर्चबिशप, चार राजेरजवाडे. सात मतदार म्हटल्यावर ग्रामपंचायत सदस्यांना सहलीला नेणारा कुणीही माणूस पुढचं सांगेल. १५१९च्या निवडणुकीत फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आणि स्पेनचा राजा चार्ल्स असे दोघे उभे होते. चार्ल्सने साधारण साडेआठ लाख सोन्याची नाणी ओतली, त्यातला मोठा हिस्सा आउग्सबुर्गच्या फुगर सावकाराकडून उचललेला, आणि एकमताने निवडून आला.

त्याहून मजा पोलंडची. तिथे सगळे सरदार मैदानात जमून राजा निवडायचे. १५७३ साली त्यांनी फ्रान्सच्या राजाचा भाऊ हेन्री याला निवडला. त्याच्याकडून अटींवर कबुली घेतली, फेब्रुवारी १५७४मध्ये क्राकूला राज्याभिषेक केला. मे महिन्यात फ्रान्समध्ये त्याचा भाऊ वारला आणि ते राज्य मोकळं झालं. ही बातमी पोचली तेव्हा हेन्रीने काय करावं? जूनमधल्या एका रात्री राजवाड्यातून गुपचूप बाहेर पडला, घोड्यावर बसला आणि पोलंडच्या सरहद्दीबाहेर पडेपर्यंत थांबला नाही. मागून दरबारी धावताहेत, महाराज, महाराज! राजा आपल्याच राज्यातून पळतोय आणि प्रजा त्याला पकडायला निघालीय. भाच्याला ही हकिकत सांगितल्यावर त्याने डोक्याला हात लावला. त्यांच्या चाचणीत निवडून आलेला राजा दुसऱ्या सर्व्हरवर चांगली डची मिळाली म्हणून लॉगआऊट होऊन गेला होता आणि सिंहासनावर त्याचं नुसतं चित्र बसलेलं होतं. कुणाला उठवता येईना, कारण राजाला उठवायचा हक्क राजालाच.

घराण्यातला वयाने सर्वांत मोठा पुरुष गादीवर, हाही एक प्रकार करून पाहिला. फार बोलण्यासारखं नाही. जो येतो तो सत्तरीतला, राज्याभिषेकाच्या पायऱ्या चढता चढता दम लागतो, आणि पुढचे सहा जण हातात काठ्या घेऊन रांगेत. ऑटोमन घराण्याने हा नियम १६१७ नंतर धरला. त्याआधीची रीत मी पोरांना सांगितली नाही, पण त्यांना ती माहीत होती. १५९५ साली तिसरा मेहमेद गादीवर आला आणि त्याने आपल्या एकोणीस भावांचे गळे आवळून घेतले. हरकतदार कमी करण्याचा हा मार्ग आमच्या नियमावलीत नाही.

मला यातून एक गोष्ट ठळक दिसू लागली. आपण शाळेत वारसाहक्काचे कायदे वाचतो तेव्हा वाटतं, की कुणी शहाणी माणसं शांतपणे बसली आणि त्यांनी न्याय काय हे ठरवलं. तसं कुठेही झालेलं नाही. प्रत्येक नियम हा आधीच्या मारामारीवर मारलेलं ठिगळ आहे. आणि ठिगळ मारणाऱ्याने दर वेळी समजूत अशी करून घेतलेली, की आता बाकीचे सगळे गप्प बसतील. मुलं एकट्याचा गेम आणि अनेकांचा गेम असा फरक करतात. राजे सगळे आपला गेम एकट्याचा आहे असं धरून मृत्युपत्रं करत आले.

ऑस्ट्रियाच्या सहाव्या चार्ल्सचंच घ्या, मला हा माणूस फार जवळचा वाटतो, कारण तो कागदोपत्री पक्का होता. त्याला मुलगा नव्हता. मुलीला राज्य मिळावं म्हणून त्याने १७१३ साली फर्मान काढलं, तेव्हा ती मुलगी जन्मालासुद्धा आलेली नव्हती. पुढची कितीतरी वर्षं तो युरोपच्या दरबारांतून त्या फर्मानावर संमती गोळा करत फिरला. कुणाला मुलूख सोड, कुणासाठी आपली व्यापारी कंपनी बंद कर, पण सही घे. प्रशियाची घेतली, फ्रान्सची घेतली, इंग्लंडची घेतली. इतकी निर्दोष फाइल मी नोकरीत पाहिली नाही. ऑक्टोबर १७४०मध्ये तो वारला. डिसेंबरात प्रशियाचा नवा राजा फ्रेडरिक सैन्य घेऊन सायलेशियात घुसला. मारिया थेरेसाकडे सगळ्या सह्या होत्या. तिला फक्त आठ वर्षं लढावं लागलं.

मुलींचा विषय निघाला तो असा. तोवर मुलगी खाली मान घालून कोड लिहीत होती. तिने एकदा विचारलं, मुलींना पदवी का मिळत नाही? तिघांनी एका सुरात उत्तर दिलं, ऐतिहासिक अचूकता. गेममध्ये ड्रॅगन आहेत, पण मुलीला डची दिली तर इतिहास बिघडतो. तिने मग या ऐतिहासिक अचूकतेचा इतिहास काढला. फ्रान्समध्ये १३१६ साली राजा वारला, त्याला एक मुलगी होती. तिला बाजूला सारून काका गादीवर बसला. बाईला राज्य मिळत नाही असा जुना सॅलिक कायदा आहे, हे युक्तिवाद म्हणून सापडलं ते पुढे पुष्कळ वर्षांनी. म्हणजे आधी नोंद, मग कायदा. असं आमच्याकडेही होतं, पण निदान तारीख तरी मागची टाकतात.

आणि या एका नोंदीवरून पुढे केवढा घोळ! मुलीला नाही तर मुलीच्या मुलालाही नाही, असं धरून १३२८मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डला फ्रान्सची गादी नाकारली, कारण त्याचा हक्क आईकडून होता. १३३७मध्ये युद्ध पेटलं ते १४५३पर्यंत धुमसत होतं.

"आता बोला," मुलगी म्हणाली, "एका मुलीला दिलं असतं तर स्वस्त पडलं नसतं?"

तिने इंग्लंडच्या २०१३च्या कायद्यासारखा नियम लिहून टाकला. लिंग न पाहता जो आधी जन्मला तो आधी. इंग्रजांनीही तो राजगादीपुरताच केला आहे. सरदारांच्या पदव्या अजून बहुतेक मुलांकडेच जातात. हा नियम चाचणीत लागला त्याच दिवशी एका ड्यूकने, खऱ्या आयुष्यात तो हिंजवडीत नोकरीला आहे, आपल्या गेममधल्या बहिणीला निरोप पाठवला, की तुला राजधानीत एक घोडा देतो, दोन पैठण्यांच्या तोडीचं रेशीम देतो, तू हक्क सोडल्याची सही कर. कुणी शिकवलं नव्हतं. मी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या दारात हक्कसोडपत्राच्या रांगा पाहिलेल्या आहेत, त्यामुळे मला गहिवरून आलं. समोरच्या बहिणीने घोडा घेतला, रेशीम घेतलं आणि सही केली नाही. ही बहीण म्हणजे नागपूरच्या एका कॉलेजातला मुलगा आहे असं नंतर कळलं.

स्वखुशीने हक्क सोडणारा मला इतिहासात एकच पटला, आणि त्यालाही सोडता येत नव्हता. इंग्लंडचे टोनी बेन लोकसभेचे सभासद होते. १९६०मध्ये वडील वारले आणि हे आपोआप व्हायकाउंट झाले. व्हायकाउंटला तेव्हा कनिष्ठ सभागृहात बसता येत नसे, म्हणून यांना बाहेर काढलं. त्यांनी पोटनिवडणूक लढवली, जिंकली, तरी जागा हरलेल्या उमेदवाराला दिली. नको नको म्हणत असताना अंगावर पडलेली सरदारकी झटकायला १९६३ साली नवा कायदा व्हावा लागला. तो मंजूर झाला त्याच दिवशी त्यांनी पदवी सोडली. आमच्याकडे माणसं वारसनोंद व्हावी म्हणून बाहेर बाकावर बसायची. नोंद रद्द व्हावी म्हणून कुणी बसल्याचं आठवत नाही.

सगळ्यांत अवघड गेलं ते पोटातलं मूल. ड्यूक मेला, मुलगा नाही, पण डचेस गरोदर. कोडमध्ये वारसाचं वय शून्याखाली जाऊ शकत नव्हतं, त्यामुळे गेमच बंद पडला. मुलं म्हणाली, असं कधी घडतं का? मी म्हटलं, पुण्यात राहता आणि हे विचारता? नारायणराव पेशव्यांचा खून झाला ऑगस्ट १७७३मध्ये. राघोबादादांनी पेशवाईची वस्त्रं घेतली. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर आहेत हे कळल्यावर बारभाईंनी त्यांच्या नावाने कारभार उचलला, आणि एप्रिल १७७४मध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं! त्या मधल्या महिन्यांत मराठी राज्याचा सर्वांत मोठा प्रश्न हा होता, की मुलगा होतो की मुलगी.

फ्रान्समध्ये त्याच १३१६च्या घोळात असंच झालं होतं. राजा गेला तेव्हा राणी गरोदर. नोव्हेंबरात मुलगा झाला, जन्मतःच राजा, पहिला जॉन. पाच दिवसांनी तो गेला. राजांच्या यादीत त्याचं नाव आहे.

यात मात्र मी मुलांना ठाम नियम देऊ शकलो. आपल्या हिंदू वारसा कायद्यात कलम २० आहे. बाप मरताना पोटात असलेलं आणि नंतर जिवंत जन्मलेलं मूल हे बाप मरण्यापूर्वीच जन्मलं होतं असं समजायचं. मुलीने ते कोडमध्ये घातलं. दुसऱ्या दिवशी सर्व्हरवरच्या अकरा विधवा डचेस गरोदर असल्याचं जाहीर झालं. त्यांतली एक चौसष्ट वर्षांची होती.

तोतयांचं प्रकरण यातूनच उद्भवलं. रशियात इव्हान राजाचा मुलगा दिमित्री १५९१ साली लहानपणीच मेला. पुढे मीच तो दिमित्री म्हणत एक जण आला आणि १६०५ साली चक्क झार झाला. वर्षभरात त्याला मारला. मग मीच तो, असं म्हणत दुसरा आला. पहिल्याची बायको मारिना, तिने या दुसऱ्याला हाच माझा नवरा म्हणून ओळखलं! अशी साक्ष झाल्यावर मंडळ अधिकाऱ्याने करायचं काय? आपल्याकडेही पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने नाना फडणीसांना चांगलंच पळवलं, १७७६ साली त्याचा निकाल लागला. पण माझ्या मते या खात्यात ताराबाईंची सर कुणाला नाही. शाहूमहाराजांना मुलगा नव्हता, तेव्हा हा माझा नातू आहे, लपवून वाढवलाय, असं सांगून त्यांनी रामराजाला पुढे आणलं. तो गादीवर बसल्यावर ऐकेना. मग त्याला साताऱ्यात कैद केला, आणि १७५२मध्ये जेजुरीला खंडोबापुढे शपथ घेतली, की हा माझा नातू नव्हेच. वारसाची नोंद करणारी आजी आणि रद्द करणारीही तीच, आणि मधल्या मधे साताऱ्याच्या किल्ल्यात छत्रपती! भाच्याला मी सांगितलं, की आजीला एकदाच वारस जाहीर करता येईल असा नियम घाला.

दत्तकाला मी सुरुवातीला विरोध केला. युरोपातल्या सरदारक्या दत्तकाला सहसा जात नाहीत, तेव्हा ऐतिहासिक अचूकता इथे तरी पाळा म्हटलं. पण आमची रीत त्यांना सांगून बसलो होतो. मल्हारराव गायकवाडांना १८७५ साली पदच्युत केल्यावर महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाणे गावचा मुलगा दत्तक घेतला, आणि तो सयाजीराव झाला, असला राजा क्वचित मिळतो. हे ऐकून पोरं भारावली आणि दत्तक चालू केलं. पहिल्याच आठवड्यात मरायला टेकलेल्या एका काउंटने आपल्या सख्ख्या भावाला जमीन जाऊ नये म्हणून हाडवैऱ्याला दत्तक घेतलं. तो हाडवैरी वयाने बापापेक्षा वीस वर्षांनी मोठा. मग एकाने सुचवलं, दत्तक मंजूर करायचा हक्क सर्व्हरकडे ठेवा आणि नामंजूर झाला तर जमीन सर्व्हरच्या खाती. मी म्हटलं, ही सूचना तुमच्याआधी डलहौसीने केलेली आहे, १८४८मध्ये साताऱ्यापासून सुरुवात केली होती, आणि पुढे १८५७ साल आलं. सूचना मागे घेण्यात आली.

शेवटी मुलं थकली. म्हणाली, मामा, तुम्ही काय करत होतात ते सांगा. मी म्हटलं, मी काहीच करत नव्हतो, तेच माझं काम होतं. अर्ज आला की तलाठी नोंद धरतो. सगळ्या हितसंबंधितांना नोटीस काढतो. पंधरा दिवस हरकत येते का ते बघतो. आली तर नोंद विवादग्रस्त रजिस्टरात जाते आणि सुनावणीच्या तारखा पडतात. इंग्रजांनाही ही विद्या अवगत आहे. जुन्या काही बॅरन पदव्यांत मुलगा नसून दोन-तीन मुली असल्या, तर त्यांचा हक्क सारखा धरतात, आणि सारखा म्हणून कुणालाच देत नाहीत. पदवी लोंबकळत राहते. ग्रे ऑफ कॉडनर ही बॅरनकी १४९६मध्ये अशी लोंबकळली ती १९८९ साली निकाली निघाली. चारशे त्र्याण्णव वर्षं! आणि लोक तहसीलदार कचेरीला नावं ठेवतात.

तर पंधरा दिवसांची नोटीस हाच नियम अखेर गेममध्ये बसला. ड्यूक मेला की डची कुणाचीच नाही. चॅन्सरीच्या, म्हणजे राजधानीतल्या कचेरीच्या, दारावर नोटीस लागते, ज्याला हक्क सांगायचा त्याने पुराव्यासह सांगायचा. भाच्याला धास्ती होती, की प्लेयर कंटाळून निघून जातील. पण पंधरवड्यात सर्व्हरवरच्या लढाया जवळजवळ थांबल्या. सेनापती सैन्य तळावर सोडून नकला काढायला राजधानीत. सीमेवरचा एक किल्ला शत्रूने रिकामा घेतला, कारण किल्लेदाराची त्या दिवशी सुनावणी होती, आणि घेणाऱ्या शत्रूनेही तो लगेच सोडला, कारण त्याची दुसऱ्या दिवशी होती. ड्रॅगन ज्याने तीन महिने खपून बनवला तो मुलगा हिरमुसून बसला आहे. प्लेयरांची मागणी येते ती पुरवणी यादीची, वकीलपत्राची, तारीख वाढवून मिळण्याची. एकाने तर ड्यूक व्हायचं सोडून चॅन्सरीचा कारकून म्हणून खेळता येईल का अशी विचारणा केली आहे.

परवा भाच्याचा पुन्हा फोन आला. एका बॅरनने कंप्यूटरच्या कारकुनापुढे कागदांत घडी करून दोनशे मोहरा सरकवल्या आहेत आणि कारकून काहीच करत नाही, कारण त्याला काय करायचं ते कोडमध्ये लिहिलेलं नाही. "मामा, यावर काय नियम ठेवू?"

असल्या गोष्टींचा मला काडीचाही अनुभव नाही, हे मी त्याला ठणकावून सांगितलं. अख्ख्या डचीच्या नोंदीला दोनशे मोहरा फारच कमी आहेत, हेही सांगितलं.